लाभ, दोन, तीन

काडतूस भरायला शिकायचं असेल तर आधी गप्प बसायला शिकावं लागतं. वजन, माप, यंत्र हे सगळं नंतर. कोणी नवीन माणूस आला की मी पहिल्यांदा हेच सांगते, आणि तो हसतो, कारण सांगणारी मी असते. मला गप्प बसवणं किती अवघड आहे हे माझ्या नवऱ्याला विचारा. ते जमलं फक्त एका म्हाताऱ्या मराठी माणसाला. मी त्यांना काका म्हणायचे. नात्याने ते माझे कोणी लागत नव्हते.

सिंगापूरमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारी बाई रायफलची काडतुसं भरते तरी कुठे, हा प्रश्न लोकांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतो. घरी तर नाहीच. इथे घरात एखादी रिकामी पुंगळी सापडली तरी पोलीस दारात येतील, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण शहराच्या पश्चिमेला आमच्या नेमबाजी क्लबच्या शस्त्रागारात एक जाळीची खोली होती. तिथे परवानगी असलेले दोन-चार सभासद, अधिकारी बाईंच्या नजरेसमोर, क्लबच्याच वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायचे. आत काही आणायचं नाही, बाहेर काही न्यायचं नाही. येता-जाता पर्स उघडून दाखवायची. माझ्या पर्समध्ये काय-काय असतं हे नवऱ्यापेक्षा त्या बाईंना जास्त माहीत होतं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत होते. इकडचा आकडा तिकडे का जुळत नाही हे शोधायचं, म्हणजे आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरायच्या. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना मला रायफलचा नाद लागला होता, तो लग्नात आणि मुलाबाळांत कुठेतरी मागे पडला. मुलगी मोठी होऊन तोंडावर ‘व्हाय सो नॉइझी लाह’ म्हणायला लागली तेव्हा मी क्लबात नाव घातलं. नवरा म्हणाला, ‘‘तुझ्या हातात बंदूक कशाला? जीभ आहे ना.’’

पहिली काही वर्षं मी छऱ्याची रायफल चालवली. मग मोठ्या रायफलवर गेले आणि पहिल्याच बाराला खांद्याला असा दणका बसला की मी भर रेंजवर ‘आई गं!’ म्हणून ओरडले. आजूबाजूचे चिनी, मलाय सभासद दचकले. मागून शांत आवाज आला, ‘‘खांद्याशी घट्ट धर. सैल धरलीस की मारणारच ती.’’ वळून पाहिलं तर पांढऱ्या मिशांचा, इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला एक माणूस. त्यांनी माझ्या हातात वेगळी पाच काडतुसं ठेवली. ‘‘ही हलकी आहेत. नवीन माणसांसाठी मी भरतो. ह्यांनी शीक, मग त्या मोठ्यांकडे जा.’’

हलक्या काडतुसांनी खरंच खांदा दुखला नाही. नेमही लागला. मी त्याच दुपारी त्यांच्या मागे लागले की मलाही भरायला शिकवा. ते म्हणाले, ‘‘तू फार बोलतेस.’’ मी म्हटलं, ‘‘शिकवाल तर नाही बोलणार.’’ यावर त्यांनी मिशीत जे हसू आणलं ते मला पुढे फार ओळखीचं झालं.

काका आयुष्यभर जहाजाच्या इंजिनाशी राहिले होते. चीफ इंजिनिअर झाले, मग हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात किनाऱ्यावरची नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. बुओना व्हिस्टाला त्यांचा फ्लॅट होता. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. एकुलती मुलगी मेलबर्नला. ती दर रविवारी फोन करून म्हणायची, बाबा, आता इकडे या. आणि हे म्हणायचे, ‘‘माझा शनिवार कोण बघणार?’’ शनिवार म्हणजे जाळीची खोली. बाकीचे सहा दिवस ते शनिवारची वाट बघत असावेत असं मला तेव्हाही वाटायचं, पण तसं विचारलं असतं तर त्यांनी मला खोलीबाहेर काढलं असतं.

काडतूस भरणं म्हणजे दिसायला अगदी साधं काम. बार उडाला की पितळेची पुंगळी उरते. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, ती जळलेली काढायची, फुगलेली पुंगळी यंत्रात दाबून मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, तोलून पावडर ओतायची आणि तोंडाशी गोळी बसवायची. झालं. कांदेपोह्यांना याहून जास्त कृती आहे. फरक इतकाच की पोहे बिघडले तर घरचे तोंड वाकडं करतात, आणि हे बिघडलं तर रायफल माणसाच्या गालाशी फुटते. (आम्ही ‘पावडर’च म्हणायचो. शुद्ध मराठीत ‘मी शनिवारी दारू भरायला जाते’ असं मी एकदा फोनवर सासूबाईंना सांगून बघितलं होतं.)

पहिले कित्येक शनिवार काकांनी मला फक्त पुंगळ्या पुसायला लावल्या. पुसायच्या, उजेडात फिरवून बघायच्या, बुडाजवळ बारीक चकाकती रेघ दिसली की ती पुंगळी बाद. तिथूनच ती पुढे फाटते. आतून टोकाशी वाकवलेली तार फिरवायची, कुठे खाचेत अडकली की तीही बाद. तिसऱ्या शनिवारी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, ‘‘काका, मी काय इथे भांडी घासायला आले का?’’

‘‘हो,’’ ते म्हणाले. ‘‘ज्याला भांडी घासता येत नाहीत त्याच्या हातचं मी जेवत नाही.’’

मी पुन्हा पुसायला लागले.

त्यांनी शिकवलेलं मी तसंच्या तसं पुढे सांगते. टेबलावर एका वेळी एकाच पावडरचा डबा. दुसरा दिसला की काम बंद. माप छापील तक्त्यातून घ्यायचं, कोणा मित्राच्या तोंडून नाही. अंदाजाने काही करायचं नाही, आणि हे आपल्या लोकांना सांगणं सगळ्यात कठीण, कारण आपण मीठसुद्धा हाताने घालतो आणि वर त्याचा अभिमान बाळगतो. हात कोरडे हवेत. तेलकट बोट टोपीला लागलं की ती ऐनवेळी पेटत नाही. दिवाळीच्या आठवड्यात मी फराळाचा डबा घेऊन गेले तर काकांनी तो जाळीबाहेरच्या बाकावर ठेवायला लावला आणि माझे हात साबणाने दोनदा धुवून घेतले, लाडू वळून आलेत म्हणून. काम संपल्यावर मात्र निम्मा डबा त्यांनीच संपवला आणि चकली जरा नरम झालीय हेही सांगितलं.

आणि मधेच उठायचं नाही. फोन आला, कोणी हाक मारली, शिंक आली, काहीही झालं आणि हात थांबला, तर ओतलेली सगळी पावडर परत डब्यात आणि पुन्हा पहिल्यापासून.

हलक्या काडतुसांबद्दल ते सगळ्यात कडक होते. पूर्ण भाराच्या काडतुसात पावडर पुंगळीच्या मानेपर्यंत येते. चुकून दोनदा ओतली तर बाहेर सांडते, लगेच कळतं. हलक्या काडतुसाची पावडर वेगळी, झटकन जळणारी, आणि इतकी थोडी की तळाशी लपून बसते. अशा पुंगळीत दोनदा ओतली तरी वरवर बघणाऱ्याला कळत नाही. एकदा वर गोळी बसली की देवालाही कळायचं नाही. आणि ही काडतुसं जायची नवख्यांच्या हातात, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठी रायफल खांद्याला लावलेली असते. म्हणून नियम असा की ओतणारा एक आणि तपासणारा दुसरा. तपासणाऱ्याने टॉर्च घेऊन प्रत्येक पुंगळीत डोकवायचं, आणि त्याने मान हलवल्याशिवाय गोळी बसवायची नाही.

पुंगळ्या उभ्या करायला भोकांचा एक लाकडी ठोकळा होता. काका पारड्यात पावडर तोलून नरसाळ्यातून एकेकीत ओतायचे आणि पुटपुटत मोजायचे. ‘लाभ, दोन, तीन...’ पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा मला हसू आलं. ते ‘एक’ कधीच म्हणायचे नाहीत. त्यांच्या वडिलांचं बार्शीला धान्याचं दुकान होतं. पायलीने ज्वारी मोजताना पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन. जगभरच्या बंदरांत फिरून आलेला, इंग्रजीत भांडणारा आणि नास्तिक म्हणवणारा हा माणूस सिंगापूरच्या एअरकंडिशन्ड खोलीत नरसाळं हातात घेतलं की बार्शीच्या दुकानात जाऊन बसायचा. ‘‘पहिल्या मापाला एक म्हटलं तर वडील कान उपटायचे,’’ ते म्हणाले, आणि आपण गप्प राहायचा नियम मोडला म्हणून स्वतःवरच वैतागले.

शिकणाऱ्याची ते परीक्षा घ्यायचे. ठोकळ्यात मुद्दाम एक पुंगळी चुकीची ठेवायचे, रिकामी नाहीतर दुप्पट भरलेली. तपासणाऱ्याला ती सापडली पाहिजे. नाही सापडली तर ते स्वतः उचलून बाजूला काढायचे. ती ओळखू यावी म्हणून तिच्या बुडावर नेलपॉलिशचा लाल ठिपका असायचा. बाटली काकूंची. त्या गेल्यावर ड्रेसिंग टेबलावरच्या सगळ्या वस्तू मुलीने आवरल्या, ही एवढी काकांनी खिशात टाकून क्लबात आणली होती. अधिकारी बाईंनी ती उघडून, वास घेऊन आत येऊ दिली.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. त्यांनी फक्त ठिपक्याची पुंगळी माझ्यासमोर उलटी ठेवली आणि पुसायच्या पुंगळ्यांची टोपली माझ्याकडे सरकवली. त्यानंतर मात्र मी एकदाही चुकले नाही, आणि त्यांनीही पुढे माझी परीक्षा घ्यायचं सोडून दिलं. मला तपासणीचा परवाना मिळाला त्या दिवशी आम्ही जवळच्या हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायलो. पावडरच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक चावी अधिकारी बाईंकडे, एक काकांकडे. ती त्यांच्या घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यातच असायची. ते जुडगं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, ‘‘आता तू माझ्यामागे बघणारी. ज्या दिवशी माझ्या ठोकळ्यात चूक सापडेल, त्या दिवशी ही चावी काढून घ्यायची. माझ्या वयाकडे बघायचं नाही.’’

मी म्हटलं, ‘‘तुमची चूक? तोवर मीच म्हातारी होईन.’’

‘‘हो म्हण.’’

मी हो म्हटलं. कोपी पिताना माणूस कशालाही हो म्हणतो.

असे दोनेक वर्षं शनिवार गेले. बुओना व्हिस्टा स्टेशनबाहेर नव्या एमआरटी मेट्रोसाठी रस्ता खणून ठेवला होता, आसपास काचेच्या इमारती उठत होत्या. मी दर शनिवारी अर्धं शहर ओलांडून यायचे आणि काका बसस्टॉपवर उभे असायचे, उशीर झाला की घड्याळाकडे बघत. मला बोलायचं ते बसमध्येच बोलून घ्यायची परवानगी होती. नोकरी, मुलगी, सासर, सगळं मी बसमध्ये सांगून टाकायचे. आत मी गप्प. सांगायला हरकत नाही, आठवड्यातले तेवढेच तास माझं डोकं शांत असायचं.

मग काकांच्या मुलीला दिवस गेले. काका वरवर काही दाखवत नव्हते, पण बसमध्ये आता तेच बोलायचे. तिचं ब्लड प्रेशर वाढलं होतं. फोन जाळीबाहेर ठेवायचा नियम त्यांचाच, तरी त्या शनिवारी त्यांनी तो खिशातच ठेवला. मी पाहिलं. बोलले नाही. बाप माणूस आहे, ठेवू दे, असं मनात आलं.

मी त्यांच्याकडे पाठ करून दुसऱ्या टेबलावर पुंगळ्या पुसत होते. मागून ऐकू आलं, ‘लाभ.’ आणि लगेच फोन वाजला. ते उठून जाळीबाहेर गेले. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. ‘‘हो... डॉक्टर काय म्हणाले?... बरं... बरं... नाही गं, मी कशाला काळजी करतोय.’’ मग परत आले, खुर्ची ओढली, पारड्याची खणखण झाली.

‘लाभ. दोन. तीन.’

माझा हात पुसता पुसता थांबला, पण का थांबला ते मला लगेच कळलं नाही. काहीतरी दोनदा झालं होतं. त्यांचा ठोकळा भरून होईपर्यंत मी तशीच बसून राहिले. मग टॉर्च घेऊन गेले आणि डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या पुंगळीत डोकावले. पावडर वर होती. शेजारचीत खाली, तिच्या शेजारचीत खाली, पुढच्या सगळ्यांत खाली. मी पुन्हा पहिलीकडे आले.

‘‘काका,’’ मी म्हटलं, ‘‘पहिली दुप्पट आहे.’’

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग मिशीत हसले. ‘‘शाबास! परीक्षा होती. बघत होतो, अजून लक्ष आहे का.’’

मला किती बरं वाटलं! खरंच, मी मोठ्याने हसलेसुद्धा. पुंगळी उचलली, पावडर डब्यात ओतली आणि लाल ठिपका बघायला तिचं बूड वर केलं. बूड पिवळंधमक होतं.

माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, पण त्या वेळी मला एक शब्द सुचला नाही. त्यांना अपमान वाटेल असं काही बोलायचं नव्हतं. आणि न बोलावं तर पुढच्या रविवारी नवख्यांची तुकडी येणार होती, त्यात पॉलिटेक्निकच्या दोन मुली होत्या, आणि आज नाही तर उद्या अशीच एखादी पुंगळी त्यांच्यातल्या कोणाच्या तरी गालाशी गेली असती. मला काकांचा फार राग आला. फोन ठेवला म्हणून नाही, चूक झाली म्हणूनही नाही. मला हो म्हणायला लावलं होतं म्हणून.

शेवटी मी पुंगळी त्यांच्या तळहातावर ठेवली, बूड वर करून.

ते तिच्याकडे बघत राहिले. ड्रॉवर उघडाच होता आणि त्यात नेलपॉलिशची बाटली समोर दिसत होती. त्यांनीही ती पाहिली. मग ड्रॉवर बंद केला.

‘‘मी एक ओतली होती ना, फोनच्या आधी?’’

‘‘हो.’’

‘‘मला आठवतच नव्हतं गं,’’ ते म्हणाले. ‘‘अजूनही आठवत नाहीये. तू सांगतेस म्हणून खरं.’’ त्यांचा आवाज अगदी साधा होता, आणि तेच मला सहन झालं नाही. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

तेवढ्यात अधिकारी बाई जाळीशी आल्या. ‘‘अंकल, फिनिश आल्रेडी?’’

मी काही बोलायच्या आत काका उभे राहिले. जहाजावर कॅप्टनसमोर उभे राहत असतील तसे. त्यांनी इंग्रजीत सांगितलं की मॅडम, आज माझ्या हातून एका पुंगळीत दुप्पट पावडर पडली, हिने पकडली, मी फोन आत आणला होता आणि परत आल्यावर रिकामं न करता पुढे ओतत गेलो. माझी चावी घ्या.

बाईंनाही काका आवडायचे. ‘‘ओके, अंकल. युवर की आय कीप फर्स्ट. यू रेस्ट, लाह.’’

चावी जुडग्यातून निघेना. कडी घट्ट होती आणि काकांची नखं बारीक कापलेली. ते खटपट करत राहिले. शेवटी मी जुडगं घेतलं, नखाने कडी उघडून धरली आणि त्यांनी चावी काढली. बसमध्ये आम्ही दोघंही बोललो नाही.

पुढच्या शनिवारी काका बसस्टॉपवर नव्हते. त्याच्या पुढच्याही नव्हते. फोन केला की म्हणायचे, बरं आहे, घरी आराम. मग ते मेलबर्नला गेले. नातू झाला, काळजीचं काही उरलं नाही, आणि मला वाटलं आता हे तिकडेच राहणार. पण एक दिवस कळलं की परत आलेत आणि आठवडा झाला तरी कोणाला सांगितलेलं नाही. मी ऑफिसातून थेट बुओना व्हिस्टाला गेले. पडदे ओढलेले, टीव्ही चालू, आवाज बंद. शर्टाला इस्त्री नव्हती. ते बघितलं आणि माझा बांध फुटला.

‘‘चावी गेली म्हणून पडदे लावून बसायचं का? तुमची चावी घेतली, डोळे नाही घेतले कोणी. ओतते मी आता. तपासणारं कोणी नाही. त्या बाई डोकावतात आणि ‘ओके, ओके’ म्हणतात. मला भीती वाटते, काका. मला एकटीला भीती वाटते.’’

हे शेवटचं मी बोलायचं ठरवलं नव्हतं. पण ते खरं होतं. काकांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, ‘‘किती मोठ्याने बोलतेस. शेजारी काय म्हणतील.’’ आणि उठून पडदा बाजूला केला.

अधिकारी बाईंनी परवानगी दिली. ओतायचं नाही, तपासायचं. काका टॉर्च घेऊन माझ्या शेजारी बसायला लागले. मी एक नवीन नियम घातला होता, आणि तो आता सगळ्या नवख्यांना सांगते. ओतायच्या आधी सगळा ठोकळा पांढऱ्या कागदावर उलटा करायचा, प्रत्येक वेळी, कालच रिकामा पाहिला असला तरी. कागद कोराच राहिला की मग ‘लाभ’ म्हणायचं. हो, मीही लाभच म्हणायला लागले. माझ्या वडिलांचं काही धान्याचं दुकान नव्हतं, ते पोस्टात होते. पण ‘एक’ म्हटलं की चुकल्यासारखं वाटायचं.

पण मनात एक गोष्ट राहिली होती, आणि ती मला झोपू देत नव्हती. ते तपासताना मान हलवायचे, मी गोळी बसवायचे. पण त्यांना खरंच दिसत होतं का? जे ओतलेलं विसरतात ते बघायचं विसरणार नाहीत कशावरून? एकदा वाटलं, असू दे. त्यांचा शनिवार आहे, मीच परत एकदा बघून घेत जाईन. मग वाटलं, हे असंच चालू ठेवलं तर मी त्यांना खेळायला टॉर्च दिलाय असं होईल. त्यांनी मला असं कधीही वागवलं नसतं.

म्हणून एका शनिवारी ते हात धुवायला गेले असताना मी ड्रॉवरमधली बाटली काढली. पॉलिश घट्ट झालं होतं, ब्रशला तार येत होती. एका पुंगळीच्या बुडावर ठिपका दिला, वाळू दिला, आणि तिसऱ्या ओळीत मधोमध ती दुप्पट भरून ठेवली. त्यांना सापडली नाही तर काय करायचं हे मला माहीत होतं, आणि ते मला करायला लागू नये म्हणून मी, देवाचं फार नाव न घेणारी, मनात काकूंना हाका मारत होते.

काका आले. बसले. चष्मा पुसला. टॉर्च लावला आणि पहिली ओळ बघितली. दुसरी बघितली. तिसऱ्या ओळीत त्यांचा टॉर्च मधल्या पुंगळीवर आला, तिच्यावरून पुढे गेला. ओळ संपली. चौथी सुरू होणार, तेवढ्यात टॉर्च मागे आला. शेजारची बघितली, पुन्हा ती बघितली.

‘‘ही,’’ ते म्हणाले. ‘‘ही दुप्पट आहे.’’

त्यांनी ती उचलली, पावडर डब्यात ओतली आणि पुंगळी माझ्यासमोर उभी ठेवली. बूड बघितलं नाही. ‘‘घाबरू नकोस,’’ हळूच म्हणाले, ‘‘होतं असं. मी बाईंना सांगतो काय सांगायचं ते. उरलेलं सगळं परत ओत आणि पहिल्यापासून कर.’’

माझा चेहरा बघून त्यांना वाटलं होतं की चूक माझीच आहे.

मी पुंगळी उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली, बूड वर करून.

त्यांनी चष्मा वर केला आणि ठिपका डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिले. अंगठा त्यावरून एकदा फिरवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण ते हसत होते, आवाज न करता, जाळीच्या खोलीत हसावं तसं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

‘‘पास?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पास,’’ मी म्हटलं. ‘‘पण ह्यापुढे मी अधूनमधून घेणार. न सांगता.’’

‘‘घेच,’’ काका म्हणाले. ‘‘हो म्हण.’’

मी हो म्हटलं. ह्या वेळी मला माहीत होतं मी कशाला हो म्हणतेय. मग मी बाकीच्या सगळ्या पुंगळ्यांतली पावडर परत डब्यात ओतली, ठोकळा कागदावर उलटा केला, कागद कोरा आहे हे दोघांनी पाहिलं, आणि मी पारडं हातात घेऊन म्हटलं, ‘‘लाभ.’’